निळ्याआधी केळीच्या सालीचा रंग

मुळाशी झगझगीत, मध्ये दोन-तीन बोटं रुंद विटकरी पट्टा आणि टोकाला जुन्या चादरीसारखा विटका. गुलाबी, निळा किंवा जांभळा रंग घरी लावला की बऱ्याचदा डोकं असं तीन मजली दिसतं. मग त्याच रंगाची दुसरी ट्यूब वरून चोपडली जाते. पट्टा जात नाही, उलट आणखी गडद होतो. दोष रंगात नसतोच, रंगाखालच्या ब्लीचमध्ये असतो.

हे भडक रंग पतंगाच्या कागदासारखे पारदर्शक असतात. निळा पतंगाचा कागद पिवळ्या भिंतीवर धरला तर हिरवट दिसतो, केशरी भिंतीवर मळकट. केसाचंही तसंच. काळ्या केसातलं मेलॅनिन ब्लीचने मोडत जातं तसा केस आधी लालसर तपकिरी, मग केशरी, मग पिवळा होतो. ब्लीचनंतरचा हा रंग म्हणजे पाया. लाल, नारिंगी, गडद राणी हे रंग केशरी पायावरही खुलतात. निळा, जांभळा, फिका गुलाबी मात्र केळीच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिकट पिवळा पाया मागतात. सालीच्या बाहेरचा पिवळा चालत नाही. रावेर-यावलच्या वाचकांना या दोन पिवळ्यांतला फरक समजावायला नको.

पाया एकसारखा का होत नाही, याची कारणं साधी आहेत. टाळूच्या उबेने मुळाकडच्या सेंटीमीटरभर केसात ब्लीच झपाट्याने चालतं, म्हणून मुळांना ते शेवटी लावतात, बाकी केसांनंतर पंधरा-वीस मिनिटांनी. टोकं जुनी, त्यांच्यावरचे बारीक खवले झिजलेले. ती रंग भसाभसा पितात आणि तितक्याच लवकर ओकून टाकतात. मधल्या पट्ट्याचं कारण बहुतेक वेळा जाड बटा, त्यांच्या आतपर्यंत ब्लीच पोचतच नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. ब्लीच ओलं असेतो काम करतं, वाळलं की थांबतं. मे महिन्यात कूलरसमोर बसून ब्लीच लावलं तर वाऱ्याकडची बाजू आधी सुकते आणि केशरीच राहते. कूलर बंद करा किंवा त्याच्यापासून दूर बसा, आणि केसांवर प्लास्टिक गुंडाळा.

दुरुस्तीला हात घालण्याआधी केस तपासून घ्यावा. एक बट ओली करून दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणायची. धड केस थोडा लांबतो आणि मागे येतो. शिजलेल्या शेवईसारखा लांबतच जाऊन तुटला, तर ब्लीचचा विषय तिथेच संपला. आता कात्री, नाहीतर गडद रंग.

मेंदीची चौकशी त्याहून महत्त्वाची. शुद्ध मेंदीचा केशरी ब्लीचला चिवटपणे विरोध करतो, इतकंच. पण ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात, आणि त्यांची ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतो, वाफाळतो, तुटतो. तपासणी सोपी आहे. काचेच्या पेल्यात २० मिली ६ टक्के पेरॉक्साइड, १ मिली अमोनिया आणि कापलेली छोटी बट अर्धा तास ठेवा. पेला तापला, बुडबुडे उसळले किंवा रंग झटकन बदलला तर त्या डोक्याला ब्लीच लावू नका. तांब्याच्या बंबातल्या पाण्याने वर्षानुवर्षं न्हाणाऱ्यांच्या केसातही तांब्याचे अंश साचू शकतात आणि तेही पेरॉक्साइडला भडकवतात. अशा केसाला आधी एकदा चिलेटिंग शाम्पू लावून घ्यावा; तो कॅल्शियम, तांबं असे धातू पकडून धुऊन नेतो. रंग त्वचेला सोसतो का हे कळायला कानामागे थोडा लावून ४८ तास वाट पाहणंही टाळू नये.

आता दुरुस्ती. दिवसाच्या उजेडात, कोरड्या केसांचे चार भाग करून पट्टे नीट पाहून घ्या. जुना रंग आधी उतरवायचा. दोन-तीनदा कोंड्याच्या शाम्पूने धुतलं तरी बराचसा जातो. उरलेल्यासाठी सौम्य ब्लीच-शाम्पू: २० ग्रॅम ब्लीच पावडर, ४० मिली २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के डेव्हलपर (पेरॉक्साइडचं द्रावण), आणि ४० मिली साधा शाम्पू. ओलसर केसांना लावून दर दोन मिनिटांनी पाहायचं. पाच ते दहा मिनिटं पुरतात. निळा-हिरवा रंग मात्र हट्टी असतो, त्याची हिरवट झाक मागे राहू शकते. ती ब्लीचने ओरबाडत बसण्यापेक्षा वर लालसर छटा दिलेली बरी, कारण लाल हिरव्याला मारतो. तसाच निळा केशरीला आणि जांभळा पिवळ्याला.

विटकरी पट्टा उरला तर ब्लीच फक्त त्या पट्ट्यावर, ब्रशने, अर्धा सेंटीमीटरपेक्षा पातळ बटांना. वरच्या-खालच्या केसांवर कंडिशनर थापा आणि मध्ये फॉइल धरा, म्हणजे ओघळ तिकडे जाणार नाही. पाच-पाच मिनिटांनी पुसून बघा, पाकिटावरची वेळ ओलांडू नका. ४० व्हॉल्यूमने काम लवकर उरकतं आणि केसही. काळा केस एका बैठकीत फिकट पिवळा होणार नाही. दोन-तीन बैठका धरा, मध्ये किमान दोन आठवडे सोडा.

पाया जुळला की रंग लावणं सोपं. केस शाम्पूने धुऊन, कंडिशनर न लावता, पूर्ण कोरडे करायचे. ओल्या केसात रंग पातळ होतो. या रंगांत डेव्हलपर मिसळत नाहीत. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण १०० ते १५० मिली लागतो, आणि कंजुषी केली की ठिपके पडतात. आधी मुळं आणि मधला भाग, टोकं शेवटी. टोकांसाठी रंगात तितकाच पांढरा कंडिशनर मिसळा. तीस-चाळीस मिनिटं टोपी घालून ठेवा, मग फक्त पाण्याने धुवा.

आणि इथून रंगाचा खरा शत्रू सुरू होतो: पाणी. असा रंग केसाशी पक्का बांधलेला नसतो, विद्युतभार आणि दुबळ्या बंधांनी खवल्यांच्या आसपास टेकलेला असतो. भिजलेला केस साधारण १५ टक्के जाड होतो, खवले उघडतात आणि रंग निसटतो. पाणी गरम असलं तर जास्तच. ‘थंड पाण्याने धुवा’ असा सल्ला सगळे देतात, पण मे महिन्यात भुसावळ-जळगावात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे येतं त्याला थंड कोण म्हणेल? पहाटे धुवा, नाहीतर माठातलं घ्या. आठवड्यातून दोनदा धुणं पुरे.

बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे बादलीला आणि गिझरच्या कॉईलला पांढरा थर धरत असेल, तर कॅल्शियम केसावर बसतं आणि रंग निस्तेज दिसतो. शेवटचे दोन लिटर आरओचे किंवा जारचे वापरले तरी फरक पडतो. आरओच्या नळीतून फेकलं जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार उलट जास्त असतात. शॉवरला लावायच्या बहुतेक गाळण्या क्लोरीन घटवतात, जडपणा नाही. चिलेटिंग शाम्पू रंगाआधी उत्तम, रंगानंतर तोच रंगही नेतो.

व्हिनेगरने रंग ‘लॉक’ होतो हा गैरसमज. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा टाकला तर खवले जरा मिटतात, चमक येते, बस्स. मिठाचा उपयोग तेवढाही नाही. खरा उपाय म्हणजे भरपाई: २०० मिली पांढऱ्या कंडिशनरमध्ये २०-३० मिली तोच रंग कालवून ठेवा आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावा. केसांची इस्त्री १८० अंश सेल्सिअसच्या खालीच.

ऊनही रंग खातं, तेव्हा गाडीवर स्कार्फ हवाच. पण घामाने हा रंग सुटतो, म्हणून पहिले दोन आठवडे पांढरा स्कार्फ घरी ठेवून काळा बांधा. उशीला जुना अभ्रा.