वस्ती गरीब झाली, की कमावते निघून गेले?

१९९१ च्या जनगणनेत सोलापूर महापालिकेच्या हद्दीत सुमारे ६ लाख ४ हजार माणसं होती. २००१ मध्ये ती ८ लाख ७२ हजारांवर गेली. म्हणजे दहा वर्षांत ४४ टक्के वाढ. नव्वदच्या त्याच दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली आणि हजारो घरांचा पगार थांबला. गिरणी बंद पडणाऱ्या गावात एवढी माणसं आली कुठून?

बहुतेक कुठूनच आली नव्हती. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली. शहराचं क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ पर्यंत गेलं आणि आसपासच्या गावांतली वस्ती शहराच्या खात्यात जमा झाली. माणसं होती तिथेच होती, रेघ सरकली. लोकसंख्येचा कोणताही आकडा हातात आला की आधी हद्द तपासायची, ती यासाठी.

२०११ चा आकडा मला जास्त बोलका वाटतो. लोकसंख्या ९ लाख ५१ हजार, म्हणजे वाढ ९ टक्के. वरवर पाहता शहर हळूहळू का होईना, वाढतंय. पण त्या दशकात महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला. शिवाय राज्यात तेव्हा दर हजारी साधारण १७ ते २० जन्म आणि ६ ते ७ मृत्यू होत होते. तोच दर सोलापूरला लावला, तर एकही माणूस आला-गेला नसता तरी शहर साधारण १२ टक्क्यांनी वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात वाढलं नऊनं. हा फरक पंचवीस-तीस हजारांचा आहे. तो राज्याच्या सरासरीवरून काढलेला असल्यामुळे अंदाजच आहे, पण दिशा स्पष्ट आहे: शहरात जितके आले त्याहून जास्त बाहेर गेले. जन्मातून मृत्यू वजा करायचे, आलेलं उत्तर प्रत्यक्ष वाढीशी ताडून पाहायचं, आणि जी बाकी उरते ते स्थलांतर. लोकसंख्याशास्त्रातली ही जुनी आणि भरवशाची रीत आहे. वाढीच्या आकड्याखाली दडलेली गळती तिच्यामुळे दिसते.

ही गळती साऱ्या शहरात सारखी नसते. पूर्व भागातल्या पेठांमध्ये आणि विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत दोन धंद्यांवर चूल पेटते: यंत्रमाग आणि विडी. अनेक ठिकाणी खाली कारखाना, वर घर. माग चालला तर मजुरी नगावर. विडीचा हिशोबही हजारावर. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई भिजवलेलं पान कापते, चिमूटभर तंबाखू टाकून वळते, टोक दुमडते, दोऱ्याने बांधते. एका विडीला काही सेकंद. हजार विड्या व्हायला दिवस जातो, आणि कारखान्यात तपासणीत बाद झालेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. पान कमी मिळालं, घरात कुणी आजारी पडलं किंवा चार दिवसांनी नळाला पाणी आलं म्हणून सकाळ बॅरल भरण्यात गेली, की त्या दिवसाची कमाई तेवढी घटते.

या बाईचं उत्पन्न कुठे नोंदलं जातं? आपल्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्नच नसतो. काम विचारतात, पण "ती घरीच असते" असं उत्तर आलं की तिचं कामही निसटतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण घरोघरचा खर्च विचारतं, पण त्यात एका वस्तीतली घरं इतकी थोडी येतात की त्यावरून साखर पेठेबद्दल काही म्हणता येत नाही. म्हणून संशोधक वस्तू मोजतात: पक्कं छत, संडास, गॅस, दुचाकी, फ्रीज. यातून घराचा संपत्ती-निर्देशांक काढतात. पद्धत उपयोगी आहे, मात्र घसरणीच्या बाबतीत ती जवळजवळ आंधळी आहे. माग बंद पडला तरी फ्रीज घरातच राहतो. उत्पन्न निम्मं झालेलं घर कागदावर कित्येक वर्षं तसंच दिसतं.

आणि समजा, उत्पन्न खरोखर कळलं, तरी सरासरी फसवते. एका बोळात दहा घरं आहेत. आठ घरांत महिन्याला १५ हजार येतात, दोन घरांत ४० हजार. सरासरी २० हजार. ती दोन घरं पुण्याला गेली. उरलेल्या आठ घरांची कमाई दरम्यान वाढून १७ हजार झाली. नवी सरासरी १७ हजार. अहवालात लिहिलं जाईल की वस्तीचं उत्पन्न १५ टक्क्यांनी घटलं. प्रत्यक्षात राहिलेल्या प्रत्येक घराची कमाई वाढली आहे. कोण गेलं आणि कोण राहिलं हे कळल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही.

जाणारे बहुधा तरुण असतात. त्यामुळे माझ्या मते वस्तीची नाडी बघायची तर प्रभागनिहाय तक्त्यातली शून्य ते सहा वयाची मुलं आधी पाहावीत. हा रकाना जनगणनेत प्रत्येक प्रभागासाठी छापला जातो. तरुण जोडपी बाहेर पडली की एकूण लोकसंख्या टिकून असतानाही हा आकडा आधी खाली येतो. मुलं सगळीकडेच कमी होत आहेत, म्हणून तुलना शहराच्या सरासरीशी करायची. अडचण एवढीच की प्रभागांच्या हद्दी निवडणुकीगणिक बदलतात आणि जुना-नवा आकडा जुळत नाही. मोजणीसाठी तरी छोटे, कायमचे गट ठरवून महापालिकेनं त्यांचे आकडे जाहीर करावेत, हे मी आग्रहानं म्हणतो. पैसा फारसा लागत नाही, आणि कुठल्या शाळेचे वर्ग रिकामे होणार, कुठे दवाखाना हवा, हे त्यावरून कळतं.

पुढची जनगणना २०२७ ची. तोवर या हिशोबात एक मोठी भर पडलेली असेल. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीत असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर आखलं गेलं. पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. यंत्रमाग आणि विडी कामगारांची कितीतरी कुटुंबं भाड्याच्या खोलीतून तिथे स्वतःच्या घरात गेली. कुंभारी महापालिका हद्दीबाहेर आहे. त्यामुळे पूर्व भागाची लोकसंख्या घटलेली दिसू शकते, आणि सर्वांत कमी कमाईची घरं गेल्यामुळे उरलेल्यांची सरासरी सुधारलेलीही दिसू शकते. १९९२ मध्ये रेघ सरकली होती, या वेळी माणसं सरकली आहेत. पेठांचा आणि कुंभारीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवला, तरच वळणाऱ्या हातांना किती मजुरी मिळते आणि कामाला येण्याजाण्यात त्यातली किती जाते, हा पुढचा प्रश्न विचारता येईल.