चुंबक चिकटला म्हणजे स्टील नकली? नाही हो!
परवा ठाण्यात जांभळी नाक्यावर एका काकूंनी पर्समधून चुंबक काढला, ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांच्या, कढईच्या बुडाला टक्कन चिकटला आणि त्यांनी चांगली कढई परत ठेवली, इतकी हळहळ वाटली मला! अहो बाहेरचा थर मुद्दाम ४३० ग्रेडच्या स्टीलचा असतो, चुंबकाला चिकटणारा, नाहीतर इंडक्शनवर ती तापणारच नाही, मध्ये ॲल्युमिनियम आणि आत बहुतेक वेळा चुंबकाला न चिकटणारं ३०४ ग्रेडचं स्टील, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. उलट निकेल कमी करून मँगनीज घातलेलं २०० सिरीजचं स्वस्त स्टील, तेही चुंबकाला चिकटत नाही, मग ही परीक्षा कसली? ३०४चा डबासुद्धा काठाला, जिथे पत्रा दाबून वळवलाय तिथे, थोडा चिकटू शकतो. त्यापेक्षा ग्रेड वाचा, लिहिलेला नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा, आणि बूड किती जाड ते बघा, पातळ बुडाला पोहे लागतातच.