चॅप्टर बुक की मिडल ग्रेड? चित्रावर हात ठेवून बघा

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात विनोदी विज्ञानकथांच्या कप्प्यात दोन पुस्तकं खेटून उभी असतात. दोन्हींवर रॉकेट नाहीतर राक्षस, दोन्ही हसवणारी, दोन्हींत प्रकरणं. घाईत उचललं की सात वर्षांच्या मुलीला तीनशे पानी कादंबरी मिळते आणि अकरा वर्षांच्या दादाला शंभर पानी. ती तिसऱ्या पानावर जांभया देते, दादा पाऊण तासात पुस्तक मिटून 'हे बाळांचं आहे' म्हणतो.

गोंधळाचं मूळ नावांतच आहे. प्रकरणं दोघांतही असताना 'चॅप्टर बुक' म्हणतात ते चित्रपुस्तकाच्या पुढच्या पायरीला. साधारण सहा ते नऊ वर्षांच्या, नुकतंच स्वतःचं स्वतः वाचू लागलेल्या मुलांसाठी. 'मिडल ग्रेड' आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. त्याचा अमेरिकेतल्या मिडल स्कूलशी थेट संबंध नाही, तिथली मुलं अकरा ते चौदाची. आणि आठ-नऊची मुलं दोन्ही गटांत बसतात, म्हणून विक्रेतेही चुकतात.

पानं मोजून अंदाज येतो, पण मला विचाराल तर खरा फरक विनोदाचं पुढे काय होतं, यात आहे.

जिम बेंटनची 'फ्रॅनी के. स्टाइन' ही मालिका 2003मध्ये सुरू झाली. फ्रॅनी ही शाळकरी पोरगी, पण पक्की माथेफिरू शास्त्रज्ञ. खोलीत प्रयोगशाळा, मदतनीस म्हणून इगोर नावाचा कुत्रा आणि वर्गशिक्षिकेचं नाव मिस शेली. ('फ्रँकेनस्टाइन' या राक्षसकथेची लेखिका मेरी शेली, हे ठाऊक असलेले आईबाबा तिथे गालात हसतात, मुलांचं काही अडत नाही.) पहिल्याच पुस्तकात शाळेत राक्षस अवतरतो आणि त्याला तोंड द्यायला फ्रॅनी डब्यातल्या मांसाच्या कापांचा स्वतःचा एक प्राणी शिवून उभा करते. प्रकरणं चिमुकली, चित्रं जागोजाग, अर्धी गंमत चित्रातच. विनोद उडतो, फुटतो, पान उलटतं. पुढच्या पुस्तकात फ्रॅनी पुन्हा नव्या उचापतीला मोकळी.

फ्रँक कॉट्रेल-बॉइसच्या 'कॉझ्मिक'मध्ये (2008) मात्र विनोद पिच्छा सोडत नाही. लियम बारा वर्षांचा, पण इतका उंच आणि गालावर खुंट आलेला, की शाळेच्या पहिल्या दिवशी त्यालाच शिक्षक समजतात. सुरुवातीला निव्वळ धमाल. मग तो फ्लॉरिडा या वर्गमैत्रिणीला मुलगी बनवतो, स्वतः तिचा बाप होतो आणि थापेवर थाप रचत इतर मुलांसोबत अंतराळात जाऊन पोचतो. यानात मोठं माणूस एकच, आणि ते म्हणजे हा. इथे हसता हसता वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण आता बापाचं सोंग पुरत नाही, खरंच बापासारखं वागावं लागतं. चित्रांच्या आधाराशिवाय तीनशे पानं मुलं ओढली जातात ती यामुळे.

या फूटपट्टीवर न बसणारी मालिका म्हणजे डेव्ह पिल्कीची 'कॅप्टन अंडरपँट्स', 1997मध्ये सुरू झालेली. चड्डीतला हेडमास्तर, बोलणारे संडास, मधेच मुलांनी काढलेली कॉमिक्स. घडण चॅप्टर बुकची, पण वाचक बारा वर्षांपर्यंतचे. 2012 आणि 2013 अशी दोन वर्षं अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत ही मालिका पहिली होती, आणि 'या वयाला योग्य नाही' हे त्यातलं एक कारण. म्हणजे वयोगटाचा घोळ फक्त दुकानातला नाही.

मराठीत 'बाल' आणि 'कुमार' एवढ्या दोन पाट्यांवर आपलं भागतं. बालभारतीचं 'किशोर' 1971पासून घरात येतंय, ते धाकटी चित्रांसाठी उघडते आणि थोरला गोष्टीसाठी, भांडण फक्त आधी कोण यावर. पण परदेशातल्या भाचरांना पुस्तक पाठवायचं तर पाट्या वाचाव्याच लागतात. मी मधलं कुठलंही पान उघडते आणि चित्रावर तळहात ठेवते. उरलेल्या ओळी वाचून हसू आलं नाही, तर ते पुस्तक सात वर्षांच्या भाचीचं.