जुन्या पिकअपला इंजेक्शन, पण सुरुवात टाकीपासून

नाशिक परिसरात पेट्रोलवरच्या जुन्या गाड्या सांभाळणारे लोक मोजकेच, पण चिवट आहेत. कुणाकडे मागे हौदा असलेली महिंद्रा जीप, कुणाच्या मळ्यात कार्ब्युरेटरवाली जिप्सी. यातल्या बऱ्याच जणांना आता कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन (पेट्रोल दाबानं फवारणारी व्यवस्था) बसवायचंय. चर्चा सुरू होते ती ईसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यापासून. टाकी, पाईप आणि पंप यांचा विषय निघतो सगळ्यात शेवटी, ‘ते काय, होऊन जाईल’ अशा सुरात. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. इंजेक्शनचा इतिहास बघितला तर तो बराचसा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: इंधन पुरेशा दाबानं, स्वच्छ आणि हवेचा बुडबुडा न येता इंजिनापर्यंत कसं न्यायचं? आणि हा प्रश्न नाशिकनं फार जवळून पाहिलेला आहे.

आधी कार्ब्युरेटर. पेट्रोल हवेत फवारणारा कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास आला. जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी तो जवळपास एकाच वेळी केला. त्याचा मोठा गुण म्हणजे त्याच्या पोटात पेट्रोलचा छोटा साठा असतो आणि फ्लोट (तरंगता गोळा) त्याची पातळी राखतो. टाकीकडून येणारं पेट्रोल क्षणभर तुटलं, त्यात हवा आली, दाब थोडा कमी-जास्त झाला, तरी हा साठा वेळ मारून नेतो. त्यामुळे मागची व्यवस्था साधी चालली. महिंद्राच्या सीजे-३बी जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, इंजिनाच्या बाजूला त्याच्याच कॅमनं चालणारा पडद्याचा पंप (गॅरेजातला ‘एसी पंप’; एसी हे कंपनीचं नाव, गारव्याशी संबंध नाही) आणि दोघांमध्ये एकच पाईप. परतीचा पाईप नाहीच. हा पंप पाव किलोच्या आसपास दाब देतो. (गॅरेजात दाब ‘किलो’तच बोलतात, म्हणजे चौरस सेंटीमीटरला किलो.)

या व्यवस्थेचा कमकुवतपणा उन्हाळ्यात दिसायचा. भरलेली जीप मे महिन्यात कसारा घाट चढताना इंजिनाच्या उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बसायची. मग एसी पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुढे निघायचं. एसी पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, त्यामुळे ओढणाऱ्या पाईपात दाब आणखी घटतो आणि वाफ लवकर धरते. पंप टाकीपाशी ठेवून पेट्रोल दाबानं पुढे ढकललं तर ही अडचण बरीच कमी होते. इंजेक्शनच्या गाड्यांनी पुढे हेच केलं.

दरम्यान नाशिक डिझेलचं गाव झालं होतं. बॉशनं १९२७ मध्ये डिझेलच्या इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये मावायला लागलं. त्याच बॉशच्या सहकार्यानं १९५१ मध्ये बंगळुरूला मायको ही कंपनी उभी राहिली आणि पुढे तिचा नोझल (डिझेल फवारणारी चोच) व इंजेक्टर बनवणारा कारखाना नाशिकच्या सातपूरला आला. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण नाशिकातला चौक अजून मायको सर्कलच आहे. तेलाच्या संकटानंतर पेट्रोल महागलं तशा जीपही डिझेलकडे वळल्या. महिंद्रानं १९७९ मध्ये प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. कंपनीचा इंजिनांचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला आहे. त्यामुळे इथल्या दोन पिढ्यांचे हात नोझल आणि पंपावर बसले.

डिझेलच्या मिस्त्रीला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. लाइनमध्ये हवा शिरली तर गाडी सुरू होणार नाही, आधी एअर काढा. फिल्टरशिवाय पंपाला इंधन द्यायचं नाही, कारण जुन्या डिझेलचा नोझलही शंभर किलोच्या वर उघडतो आणि त्याची सुई बारीकशा कचऱ्यानंसुद्धा अडकते. जास्तीचं इंधन रिटर्न पाईपनं टाकीत परत गेलं पाहिजे. जुन्या पेट्रोल गाडीला इंजेक्शन बसवायचं म्हणजे तिच्या टाकीला आणि पाईपांना हीच डिझेलची शिस्त लावायची.

पेट्रोलमध्ये ही शिस्त हळूहळू आली. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये यांत्रिक इंजेक्शन होतं, पण ते महागडं. अमेरिकेत बेंडिक्सनं १९५७ मध्ये इलेक्ट्रॉनिक पद्धत जाहीर केली; क्रायस्लरनं ती थोड्या गाड्यांवर लावली, पण त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ती पेलली नाही. पेटंटचे हक्क बॉशकडे गेले आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, डी-जेट्रॉनिक, आलं. मला त्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती इंधनाची वाट: विजेवरचा पंप, फिल्टर, दोन किलोच्या आसपासचा ठरलेला दाब आणि तो दाब राखणाऱ्या रेग्युलेटरमधून टाकीकडे परतीचा पाईप. आज जुन्या गाडीला जे जोडावं लागतं, त्याचा आराखडा तेव्हाच ठरला होता. पिकअपवर हे उशिरा पोचलं. जनरल मोटर्सच्या पिकअपवर १९८७ च्या मॉडेलपासून थ्रॉटल बॉडी इंजेक्शन आलं. ते कार्ब्युरेटरच्याच जागी बसतं आणि एक किलोच्या आत चालतं. म्हणून तिकडे जुन्या पिकअपवर तेच सुटे भाग चढवण्याची पद्धत पडली.

आपल्याकडे बदल घडवला तो कायद्यानं. २९ एप्रिल १९९९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं दिल्ली परिसरातल्या खासगी गाड्यांना त्याच वर्षी जूनपासून युरो-१ आणि एप्रिल २००० पासून युरो-२ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. शिसंविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर मिळू लागलं. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर हवा-पेट्रोलचं प्रमाण काटेकोर हवं आणि ते साध्या कार्ब्युरेटरला जमत नाही. २००० मध्ये मारुती ८०० आणि जिप्सी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) झाल्या. आज भंगार बाजारात हात घातला की येणारा पंप, रेग्युलेटर आणि इंजेक्टरची रेल (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) त्या काळानंतरच्याच गाड्यांची असते.

आता हे सामान जुन्या टाकीला जोडताना काय होतं ते पाहा. एमपीएफआयला साधारण तीन किलो दाब लागतो, म्हणजे एसी पंपाच्या दसपट किंवा जास्त. साधा रबरी पाईप हा दाब फार दिवस झेलत नाही. इंजेक्शनसाठीचा वेगळा पाईप आणि रबर न कापणाऱ्या क्लिपाच हव्यात. सीटखाली टाकी असलेल्या जीपमध्ये तर यात काटकसर करूच नये.

दुसरी अडचण टाकीच्या आत. जुन्या टाकीत पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी नसते. टाकी पाव भरलेली असताना गाडी वळणावर गेली की पेट्रोल एका बाजूला सरतं, पंप हवा ओढतो आणि वेळ मारून न्यायला इथे फ्लोटचा साठा नसतो. इंजिन तिथल्या तिथे मिस होतं. यावर उपाय दोन. टाकीत वाटी आणि पेट्रोलची हेलकावणी अडवणारे पत्र्याचे पडदे बसवून पंप आतच ठेवायचा, म्हणजे तो पेट्रोलनं गारही राहतो. नाहीतर कमी दाबाच्या पंपानं बाहेरची छोटी टाकी भरत ठेवायची आणि मोठ्या पंपाला त्यातून पाजायचं. पहिल्या उपायात टाकी कापावी-जोडावी लागते. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, म्हणून हे काम टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावं.

काम नीट झालंय का ते दाबाचा गेज लावून कळतं. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) व्हॅक्यूम नळी असेल तर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) काटा अडीच किलोजवळ राहतो. ती नळी उपसली की तीनवर चढतो. चढला नाही तर पंप, फिल्टर किंवा रेग्युलेटर तपासा, ईसीयूला हात लावू नका. पंपाची वायर थेट टॉगल स्विचवर घेण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. ईसीयूच्या रिलेवर (ईसीयूनं चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) असलेला पंप इंजिन थांबलं की थांबतो. टॉगलवरचा पंप गाडी उलटली तरी पेट्रोल ओतत राहतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कडकपणे उचलून धरली. म्हणून पान्हा उचलण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.

फेब्रुवारी २०२३ पासून येऊ लागलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं टाकीचा प्रश्न आणखी धारदार केलाय. इथेनॉल पाणी धरतं, जुना थर सोडवतं, जुन्या रबराला त्रास देतं. कार्ब्युरेटरमध्ये असा सुटलेला गंज फ्लोटच्या वाटीच्या तळाशी बसायचा आणि जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) फुंकून काम भागायचं. इंजेक्टरला ती सोय नाही. टाकी आतून धुऊन घ्यावी, जमल्यास अस्तर करून घ्यावं, पंपाआधी जाळी आणि पंपानंतर इंजेक्शनचा बारीक फिल्टर लावावा, आणि पहिला फिल्टर पहिल्या काही टाक्यांनंतरच बदलून टाकावा.