आग होतेय की ठणकतंय?

भाजलेल्या माणसाला 'दहापैकी किती दुखतंय?' असं विचारलं, तर उत्तर बहुतेकदा 'लई दुखतंय' एवढंच येतं. 'आग होतेय, ठणकतंय की चुरचुरतंय?' असं विचारलं की तोच माणूस नेमकं सांगतो. डॉक्टरांना ते हवंच असतं. वरवर भाजलेल्या जागी मज्जातंतूंची टोकं शाबूत असतात, म्हणून भयंकर आग होते. खोलवर भाजलं तर टोकंच जळतात आणि तिथे फारसं कळत नाही. काही दिवसांनी नव्याने ठणका लागला, तर जंतुसंसर्ग झालाय का ते पाहावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोकांना मध्यम किंवा गंभीर स्वरूपाचं भाजतं. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांना रुग्णाच्या घरची भाषा आणि रीत ठाऊक असणं हा मला उपचाराचाच भाग वाटतो.

बांगड्यांचंच घ्या. भाजल्यावर पहिले एक-दोन दिवस सूज वाढत जाते. हातातली बांगडी, बोटातली अंगठी तशीच राहिली तर ती आवळून पुढचा रक्तपुरवठा तोडू शकते. काढायला उशीर चालत नाही. पण 'बांगड्या फोडा' हे शब्द आपल्याकडे कधी उच्चारले जातात, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. 'सूज येतेय, बांगड्या वाढवूया, बऱ्या झालात की नव्या भरा' असं म्हणणारी सिस्टर तेच काम मिनिटात करते, आणि रुग्ण हात मागे ओढत नाही.

जेवणाचा प्रश्न याहून अवघड. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या शरीराची ऊर्जेची गरज कधीकधी जवळजवळ दुपटीपर्यंत जाते. प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला दीड ते दोन ग्रॅम लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला ७५ ते १०० ग्रॅम. आणि नेमकं याच वेळी घरचे मायेपोटी पथ्य सुरू करतात: डाळ नको, अंडं नको, आंबट नको, पू होईल. रुग्ण पेजेवर राहतो. मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, जखम भरत नाही, लावलेली त्वचा धरत नाही. इथे 'अंधश्रद्धा सोडा' म्हणून रागावलं तर डबा लपवला जातो, एवढंच. 'तुमच्याकडे बाळंतिणीला काय देता?' असं विचारून पाहावं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तूप... झीज भरून काढायला खायला घालायचं असतं, हे त्या घराला आधीच ठाऊक असतं. तिथून अंड्यापर्यंत, निदान घट्ट वरण आणि दह्यापर्यंत पोचता येतं. उपास मोडायचा नसेल तर दूध, शेंगदाणे आणि राजगिरा आहेतच.

'कसं भाजलं?' हा प्रश्न मात्र रुग्णाला एकटं असतानाच विचारावा. सासरचं माणूस उशाशी असताना 'स्टोव्हचा भडका उडाला' याखेरीज दुसरं उत्तर यायला जागाच नसते.

जखम भरल्यावरही एक गोष्ट उरते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. रंग तयार करणाऱ्या पेशी त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी आणि केसांच्या मुळांशी असतात. वरवर भाजलं असेल तर रंग हळूहळू परततो, पुष्कळदा केसांच्या मुळांभोवती ठिपक्या-ठिपक्यांनी. खोल भाजलं असेल तर पांढरा डाग कायम राहू शकतो. सावळ्या कातडीवर तो उठून दिसतो आणि गावात 'कोड आलं' म्हणून कुजबुज होते. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर फारच. कोड संसर्गजन्य नसतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, हे सांगायलाच हवं. पण हा डाग कोडाचा नाहीच, हेही घरच्यांना दवाखाना सोडण्याआधी सांगितलं पाहिजे. शक्य तर सुट्टीच्या कागदावर मराठीत, शेजारणीला वाचून दाखवता येईल असं लिहून द्यावं: डाग भाजल्याचा आहे, मुलाबाळांत उतरत नाही.