सहकारी बँकांतील ठेवी आणि संकटानंतरचे नियम : पार्श्वभूमी

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (‘पीएमसी’) बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले. सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील, असे सुरुवातीचे आदेश होते. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेली. त्यानंतर कायद्यात जे बदल झाले, त्यांचे मूळ शोधायचे तर सुमारे साठ वर्षे मागे जावे लागते.

१९६० मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. ते प्रथम व्यापारी बँकांपुरतेच होते. सहकारी बँका १ मार्च १९६६ रोजी बँकिंग कायद्याच्या कक्षेत आल्या, मात्र त्यांच्यावर दोघांचा अंमल राहिला : बँकिंगचे व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे, तर नोंदणी, निवडणुका आणि व्यवस्थापन सहकार निबंधकाकडे. दोन्ही दारे राखायची असली की प्रत्येक पहारेकऱ्याला दुसरा जागा असल्याचा भरवसा वाटतो, तसे काहीसे या ‘दुहेरी नियंत्रणा’चे झाले.

नैतिकतेचा पेच मात्र त्याहून खोल होता. सहकारी बँकेत कर्ज घेणाऱ्याला सभासद व्हावे लागते. ठेव ठेवणाऱ्याला तशी अट नाही. त्यामुळे संचालक मंडळ निवडण्यात ऋणकोंचा आवाज असतो आणि बँकेतील बहुतांश पैसा ज्यांचा आहे, त्या ठेवीदारांना पुष्कळदा मतही नसते. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक शेअर दलालांना दिलेल्या कर्जांमुळे कोसळली, तेव्हा हा दोष उघडा पडला. त्यानंतर नागरी सहकारी बँकांनी संचालकांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि त्यांच्या संस्थांना कर्ज देण्यावर २००३ मध्ये बंदी आली. व्यावसायिक जाणकारांचे स्वतंत्र व्यवस्थापन मंडळ असावे, ही रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीची शिफारस २०११ची. तिची सक्ती व्हायला २०१९चा डिसेंबर उजाडला, तीही ‘पीएमसी’ अडचणीत आल्यावर.

व्यवस्थापन मंडळाची सक्ती सोडली, तर ‘पीएमसी’ प्रकरणात हे नियम कागदावर होतेच. तरीही बँकेच्या सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी जवळपास ६,५०० कोटी एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गुंतले होते, आणि बँकेचे अध्यक्ष पूर्वी त्या कंपनीच्या संचालक मंडळावर होते. पोलिसांत दाखल तक्रारीनुसार त्या समूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवण्यात आली होती. आधीच्या संकटांतून घेतलेल्या धड्यांची मर्यादा मला इथे दिसते : कर्ज कोणाला द्यायचे नाही आणि किती द्यायचे, हे नियमांनी ठरवले, पण बँकेने पुढे केलेली वही खरी आहे, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

पुढचे बदल मात्र झपाट्याने झाले. १९९३ पासून एक लाखावर थांबलेले विमा संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० रोजी पाच लाखांवर गेले. मार्च २०२० मध्ये एका ऋणकोला आणि एका समूहाला द्यावयाच्या कर्जाच्या मर्यादा कडक झाल्या. त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यातील दुरुस्तीने सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर आणि लेखापरीक्षणावर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले, तर २०२१च्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. तोवर ती सहसा बँक अवसायनात निघाल्यावरच, म्हणजे ती कायमची गुंडाळली जाऊ लागल्यावरच मिळे आणि त्यात वर्षे जात.

२५ जानेवारी २०२२ रोजी ‘पीएमसी’ युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींची सोय विम्यातून झाली. त्यावरच्या रकमा हप्त्यांनी परत करण्याचे ठरले आणि सर्वांत मोठ्या ठेवीदारांच्या उरलेल्या पैशांसाठी दहा वर्षांची मुदत घालण्यात आली.