हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी बोलतं

रक्ताचा रिपोर्ट आला की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'हिमोग्लोबिन किती?' फोलेट कमी पडत असेल तर नेमका हाच आकडा सगळ्यात उशिरा घसरतो. किती उशिरा, ते व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ मध्ये स्वतःवरच आजमावून पाहिलं.

फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व. पाण्यात विरघळतं, फार उकळलं की नासतं. हर्बर्ट यांनी जेवण तीन-तीनदा उकळून, पाणी टाकून खाल्लं. असे चार महिन्यांहून जास्त दिवस! तिसऱ्या आठवड्यात रक्तद्रवातलं फोलेट उतरलं. सातव्या आठवड्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचं केंद्रक जास्त पाकळ्यांचं दिसू लागलं. सतराव्या आठवड्यात तांबड्या पेशींमधलं फोलेट घटलं आणि एकोणिसाव्याच्या सुमारास रक्तक्षय उभा राहिला. तोवर विसरभोळेपणा, चिडचिड आणि निद्रानाश सुरू झाला होता.

असं का होतं? डीएनए घडवायला फोलेट लागतं. ते नसलं की पेशीची वाढ चालू राहते, पण विभाजन रखडतं. पेशी नुसत्याच थोराड होतात. ज्या पेशी झपाट्याने नव्या होतात त्यांना फटका आधी बसतो. म्हणून अस्थिमज्जेबरोबर जीभही सांगू लागते: लालसर, गुळगुळीत होते, आमटीही झोंबते.

या थोराड पेशींचा माग मुंबईत लागला होता. १९२८ मध्ये इथे आलेल्या ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांना गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवतींमध्ये असा रक्तक्षय आढळला. त्यावर स्वस्तातला यीस्टचा अर्क, मार्माइट, लागू पडला. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये पालकातून तो वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं गेलं.

आज सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, दिलेलं असतं. साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर हे ठीक; १०० च्या वर गेलं की शंका घ्यायची. पण सरासरी फसवते. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, फोलेट कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकत्र असले (आपल्याकडे ही जोडी दुर्मीळ नाही) तर एमसीव्ही साळसूदपणे मधलाच येतो. अशा वेळी काचपट्टीवरचा रक्ताचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. पाचापेक्षा जास्त पाकळ्यांचा एक न्यूट्रोफिलही तिथे पुष्कळ सांगून जातो. यंत्राच्या छापील आकड्यांपुढे ही जुनी तपासणी मागे पडते, याचं मला वाईट वाटतं.

रक्तद्रवातल्या फोलेटवर आदल्या जेवणाचा परिणाम होतो. कालची मेथीची भाजी आजच्या रिपोर्टला सावरून घेते. म्हणून नमुना शक्यतो उपाशीपोटी देतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे तिच्यातलं फोलेट मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देतं.

खरी गफलत होते बी-१२ शी. त्याच्या कमतरतेतही पेशी तशाच थोराड, पाकळ्या तशाच जास्त. रक्तातले दोन घटक इथे मदतीला येतात. होमोसिस्टीन दोन्हींत वाढतं. मिथाइलमॅलोनिक ॲसिड मात्र बी-१२ कमी असतानाच चढतं. शाकाहारी माणसाच्या बाबतीत तर बी-१२ आधीच तपासलेलं बरं. ते कमी असताना नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या तर रक्त सुधारतं, रिपोर्ट गोजिरा दिसतो आणि तळपायांच्या मुंग्या, चालताना जाणारा तोल मात्र वाढत राहतो.

संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट किंवा फिटची फेनिटॉइन घेता का, दारू किती, जुनाट जुलाब आहेत का, हे डॉक्टर विचारतात ते उगीच नाही; या सगळ्यांचा फोलेटच्या कमतरतेशी संबंध असतो. निदान बरोबर असेल तर गोळ्या सुरू केल्यावर आठवडाभरात रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी, रेटिक्युलोसाइट, भराभर वाढतात. हिमोग्लोबिन इथेही त्यांच्या मागूनच येतं.